ड्रायव्हर काढताना कर्नल का आपटतो: डिव्हाइस क्लीनअपबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचं शिरोली एमआयडीसीत छोटं युनिट आहे, फौंड्रीवाल्यांसाठी भट्टीचं तापमान नोंदवणारे यूएसबी डेटा लॉगर बनवतो, आणि त्याचा लिनक्स ड्रायव्हर माझ्या गळ्यात आहे. दर शनिवारी इंजिनिअरिंगची तीन-चार पोरं राजारामपुरीत माझ्या घरी येऊन बसतात आणि फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. सगळं लिनक्स कर्नलबद्दल, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याबद्दल आहे, विंडोजचं मला विचारू नका.

क्लीनअप बग म्हणजे मेमरी फ्री करायची राहिली एवढंच ना दादा?

नाही रे. ते त्यातल्या त्यात गरीब जनावर आहे. बघ, ड्रायव्हर प्रोबमध्ये (डिव्हाइस जोडलं की चालणारं फंक्शन) काय काय गोळा करतो, मेमरी घेतो, इंटरप्ट (हार्डवेअरनं मारलेली हाक) मागतो, क्लॉक चालू करतो, टायमर लावतो, वर्कक्यू (नंतर करायच्या कामांची रांग) वापरतो, कुणाकुणाचा रेफरन्स ("मी अजून वापरतोय" अशी नोंद) धरतो, आणि रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर सुटताना चालणारं फंक्शन) हे सगळं परत करायचं असतं. त्यात तीन प्रकारे माती होते. एक, परत द्यायला विसरलास, म्हणजे लीक. दोन, एकच गोष्ट दोनदा परत केलीस, म्हणजे डबल फ्री. आणि तीन, दुसरं कुणीतरी अजून वापरतंय तोवरच परत केलीस, म्हणजे यूज-आफ्टर-फ्री. पंगत बसलीय, शेवटच्या ओळीत अजून भात वाढतायत आणि मंडपवाल्यानं खांब काढायला सुरुवात केली, तसं.

लीकनं मशीन हळूहळू जड होतं, एवढंच. तिसऱ्या प्रकारात ती मेमरी तोवर दुसऱ्याच कुणाला दिलेली असते आणि तुझा ड्रायव्हर तिथं जाऊन लिहितो, त्यातून कर्नल पडला तर नशीब म्हणायचं, कारण नाही पडला तर कुणीतरी त्याचाच वापर करून मशीनचा ताबा घेऊ शकतो. म्हणून फ्री लिहायच्या आधी प्रश्न एकच विचारायचा: या जागेचा पत्ता अजून कुणाकुणाच्या खिशात आहे?

आमचा ड्रायव्हर वर्षभर चालतोय, एकदाही पडला नाही. मग बग कुठनं आला?

चालतोय कारण रिमूव्ह कधी चाललंच नाही! मशीन चालू होतं तेव्हा प्रोब चालतो आणि बंद करताना बहुतेक वेळा रिमूव्ह बोलावलंच जात नाही, तिथं शटडाऊनचा वेगळा कॉलबॅक असतो. म्हणजे तू लिहिलेला रिमूव्ह आणि प्रोबमधला एररचा रस्ता, हा सगळा कोड लिहिल्यापासून एकदाही न चाललेला असू शकतो. नव्या कोडपेक्षा वाईट अवस्था ही.

माझंच सांगतो. एका फौंड्रीत आमचा लॉगर कंट्रोल रूमच्या पीसीला लावलेला, सहा महिने कसली तक्रार नाही. मग फोन यायला लागले की पीसी अधनंमधनं हँग होतोय, आणि तेही नेमकं दुपारी. मी दोनदा जाऊन आलो, काय सापडेना. तिसऱ्या वेळी जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिथंच बसून राहिलो तर ऑपरेटर आला, आमच्या लॉगरची केबल उपटली, त्या पोर्टात मोबाईल चार्जिंगला लावला आणि डबा उघडून बसला. केबल निघाली तेव्हा काहीच झालं नाही. एक सेकंदानं पीसी गोठला. त्या माणसाची काय चूक, यूएसबी आहे म्हटल्यावर उपटणारच की.

मग त्यात नक्की चुकलं काय होतं?

तो एक सेकंद हाच सगळा पुरावा होता. ड्रायव्हरमध्ये टायमर होता, दर सेकंदाला वाजायचा आणि एक वर्क रांगेत टाकायचा, वर्क लॉगरकडनं तापमान वाचायचं आणि वाचून झालं की टायमर पुन्हा लावायचं. डिस्कनेक्टमध्ये (यूएसबी ड्रायव्हरचं रिमूव्ह) मी शहाण्यासारखं आधी टायमर बंद केला (सिंकवाला, म्हणजे चालू असेल तर संपेपर्यंत थांबणारा), मग वर्क कॅन्सल केलं, तेही सिंकवालंच, आणि मग मेमरी फ्री. कागदावर एकदम बरोबर. पण टायमर बंद केला त्या क्षणी वर्क जर आधीच चालू असेल, तर ते आपलं काम संपवतं आणि जाता जाता टायमर पुन्हा लावून जातं. मी वर्क संपायची वाट बघितली, पण त्यानं मागं काय लावून ठेवलं ते बघितलंच नाही. मेमरी गेली, आणि एका सेकंदानं टायमर त्या गेलेल्या मेमरीत वाजला.

क्रम उलटा केला तरी भागत नाही, कारण आधी वर्क कॅन्सल केलं तर टायमर नवं वर्क टाकतो. दोघं एकमेकांना उठवत राहतात. यासाठी कर्नल ६.२ मध्ये टायमर_शटडाऊन_सिंक आलं, ते टायमर थांबवतं आणि वर त्याला कायमचं कुलूपही लावतं, नंतर कुणी पुन्हा लावायला गेलं तर गुपचूप काहीच होत नाही. ते आधी, मग वर्क कॅन्सल, मग मेमरी. दुरुस्ती भरली एका ओळीची, आणि शोधायला माझ्या तीन चकरा आणि दीड महिना गेला.

रिमूव्हमध्ये क्रम कुठला ठेवायचा?

साधारणपणे प्रोबच्या बरोबर उलटा. पण हे पाठ करण्यापेक्षा असं बघ: आधी बाहेरचं दार बंद, म्हणजे यूजरकडनं किंवा दुसऱ्या सबसिस्टिमकडनं नवीन काम आत यायचा रस्ता बंद, म्हणजे कॅरेक्टर डिव्हाइस, नेटवर्क इंटरफेस, इनपुट डिव्हाइस जे काय रजिस्टर केलंय ते अनरजिस्टर. मग हार्डवेअरला गप्प करायचं. मग इंटरप्ट सोडायचा, फ्री_आयआरक्यू हे चालू असलेला हँडलर संपेपर्यंत थांबतं म्हणून ते झालं की त्या बाजूनं निर्धास्त. मग टायमर, वर्क. सगळ्यात शेवटी मेमरी.

एक खड्डा मात्र लक्षात ठेव, वर्क कॅन्सल करताना हातात असा म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक) धरून ठेवू नको जो त्या वर्कलाही लागतो. तू वर्क संपायची वाट बघणार, वर्क तुझ्या म्युटेक्सची, आणि दोघं तसेच बसणार. यूज-आफ्टर-फ्री दुरुस्त करायला जाऊन डेडलॉक आणणारे पॅच (कोडमधले छोटे बदल) मी स्वतः लिहिलेत.

डेव्ह-एमवाली फंक्शन्स वापरली की सगळं आपोआप होतं म्हणे?

हा प्रश्न दर शनिवारी येतो! डेव्ह-एम म्हणजे मॅनेज्ड रिसोर्स, तेजुन हिओ यांनी आणलं, २००७ पासून कर्नलमध्ये आहे. डेव्ह-एमनं घेतलेली प्रत्येक गोष्ट त्या डिव्हाइसच्या नावावर एका यादीत चढते आणि प्रोब फेल झाला किंवा ड्रायव्हर सुटला की यादी उलट्या क्रमानं रिकामी होते. चांगलीच सोय आहे, हजारो ओळी वाचल्यात त्यानं. पण दोन ठिकाणी लोक हमखास गंडतात.

पहिलं म्हणजे मिसळ करणं. यादी रिकामी होते ती तुझं रिमूव्ह फंक्शन संपल्यावर, हे लोक विसरतात. समज इंटरप्ट डेव्ह-एमनं मागितला आणि बफर साध्या केझेडॲलॉकनं (मेमरी घेणारं फंक्शन, ती केफ्रीनं सोडायची) घेतला. रिमूव्हमध्ये तू बफर केफ्री केलास, रिमूव्ह संपला, आणि आता कुठं कर्नल इंटरप्ट सोडायला निघाला. मधल्या त्या फटीत इंटरप्ट आला तर? हँडलर गेलेल्या बफरवर. म्हणून एक तर सगळं डेव्ह-एमचं कर किंवा ज्या जागेपासून हातानं करायला लागलास तिथून पुढचं सगळं हातानं कर. ज्याला डेव्ह-एमची आवृत्ती नाही त्याच्यासाठी डेव्ह-एम_ॲड_ॲक्शन_ऑर_रिसेट आहे, आपलं सफाईचं फंक्शन यादीत चढवायचं. आणि हो, ते चढवणंच फेल झालं तर ते तुझं फंक्शन लगेच स्वतः चालवतं, वर तू एररच्या रस्त्यात पुन्हा चालवलंस तर डबल फ्री.

दुसरं जास्त खोल आहे. डेव्ह-एमची मेमरी ड्रायव्हर डिव्हाइसपासून सुटला की जाते. पण समज एका प्रोग्रॅमनं तुझी डिव्हाइस फाइल उघडून ठेवलीय आणि तेवढ्यात केबल निघाली. ड्रायव्हर सुटला, मेमरी गेली, पण प्रोग्रॅमच्या हातात फाइल अजून उघडीच आहे, तो मजेत रीड करतो आणि तुझं रीड फंक्शन गेलेल्या स्ट्रक्चरला हात घालतं. इथं मेमरीचं आयुष्य केबलवर नाही, शेवटची फाइल कधी बंद होते त्यावर आहे. म्हणून असं स्ट्रक्चर डेव्ह-एमनं घ्यायचंच नाही, रेफरन्स मोजायचा (के-रेफ किंवा स्ट्रक्ट डिव्हाइसचा स्वतःचा मोजणारा), शेवटचा माणूस उठला की रिलीज फंक्शनमध्ये फ्री करायचं, आणि डिस्कनेक्टमध्ये लॉक घेऊन फक्त "डिव्हाइस गेलं" अशी खूण करून ठेवायची, रीड-राइट आत शिरल्यावर तेच लॉक घेऊन आधी ती खूण बघतील आणि एरर देऊन परत जातील.

डिव्हाइस_रजिस्टर फेल झालं तर स्ट्रक्चर केफ्री करू?

अजिबात नको. फेल झालं तरी आत रेफरन्स सुरू झालेला असतो, नावाची मेमरी घेतलेली असते, म्हणून नेहमी पुट_डिव्हाइस, म्हणजे रेफरन्स सोडणारं फंक्शन. कर्नलच्या सोर्समध्ये त्या फंक्शनवरच्या कॉमेंटमध्ये ठळक लिहून ठेवलंय तरी दरवर्षी नव्या ड्रायव्हरमध्ये ही चूक सापडतेच. आणि पुट_डिव्हाइस केल्यावर वर आणखी केफ्री पण नको, तुझं रिलीज फंक्शन ते करतं.

"रिलीज फंक्शन नाही" अशी वॉर्निंग येते, रिकामं फंक्शन दिलं की गप्प बसते. चालेल?

वॉर्निंग गप्प बसली, बग नाही. कर्नलच्या कोबजेक्टवरच्या (डिव्हाइसच्या आत रेफरन्स मोजणारा भाग) डॉक्युमेंटमध्ये खास लिहिलंय की रिकामं रिलीज देऊन ही वॉर्निंग घालवू नका. ते फंक्शन म्हणजेच "आता शेवटचा माणूस उठला, मांडव सोडा" हा निरोप आहे, तो घ्यायला कुणी नाही म्हणजे तू अंदाजानं सोडतोयस.

रेफरन्स लीक कुठं सापडतात जास्त?

डिव्हाइस ट्री (बोर्डावर कुठलं हार्डवेअर आहे त्याची यादी) वाचणाऱ्या लूपमध्ये. फॉर_ईच_चाइल्ड लूप प्रत्येक फेरीत मागच्या नोडचा रेफरन्स स्वतः सोडतो, पण तू मधनंच ब्रेक किंवा रिटर्न मारलास तर हातातला नोड तसाच राहतो, तिथं ओएफ_नोड_पुट हवं. आता स्कोप्डवाली आवृत्ती आहे ती वापर, डोक्याला ताप नाही. खरं सांगायचं तर बहुतेक बोर्डांवर या लीकनं कुणाचं काही बिघडत नाही, पण नवीन माणसाला हात बसवायला बरं काम आहे.

दुसरं ठिकाण पॉवर मॅनेजमेंट. पीएम_रनटाइम_गेट_सिंक फेल झालं तरी काउंट (किती जण वापरतायत तो आकडा) वाढवूनच ठेवतं! मला हे कळलं तेव्हा मी दोनदा सोर्स वाचून खात्री केली होती. त्याच्याऐवजी रिझ्यूम_अँड_गेटवालं वापर, ते फेल झालं तर स्वतः कमी करतं.

म्हणजे जिथं पुट दिसत नाही तिथं घालत सुटलं तर?

तर तू लीकचा यूज-आफ्टर-फ्री करून ठेवशील. दिसत नाही म्हणजे राहिलंय असं नसतं, कधी तो रेफरन्स दुसऱ्या फंक्शननं ताब्यात घेतलेला असतो आणि तेच पुढं सोडणार असतं. २०२१ च्या एप्रिलमधलं मिनेसोटा विद्यापीठाचं प्रकरण आठवतंय का? तिथल्या संशोधकांनी छोटी चूक दुरुस्त करतोय असं दाखवून आत यूज-आफ्टर-फ्री घुसवणारे पॅच मुद्दाम पाठवून बघितले होते, रिव्ह्यू करणाऱ्यांच्या लक्षात येतं का बघायला. कर्नलच्या स्टेबल आवृत्त्या सांभाळणारे ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडनं येणारं कामच थांबवलं. ते मुद्दाम केलेलं होतं, पण घाईघाईनं घातलेलं निष्पाप पुट आणि ते, वाचताना सेमच दिसतात. म्हणून आता "टूलनं सांगितलं" एवढ्यावर पॅच पाठवलास तर समोरचा वैतागणारच. रेफरन्स कुणी घेतला, कुठं सोडला, हे स्वतः सोर्समध्ये बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

एररच्या रस्त्याला गोटू वापरू का नवीन आपोआप फ्री होणारं?

गोटू, म्हणजे कोडमध्ये थेट दुसऱ्या लेबलावर उडी, बघून नाक मुरडू नका, कॉलेजात शिकवतात ते इथं लागू नाही. कर्नलमध्ये उलट्या क्रमाच्या लेबलांची शिडी ही जुनी आणि चांगली रीत आहे. फक्त लेबलाला एर१, एर२ असली नावं देऊ नको, तिथं काय सुटतं ते नावात लिही, नाहीतर मधे एक पायरी वाढवली की सगळे आकडे चुकतात. आणि सगळ्या एररसाठी एकच लेबल हे तर नकोच, समज फू नावाचं स्ट्रक्चर घेतलंच नाही आणि त्याच्या आतलं बार फ्री करायला गेला असं होतं.

२०२३ मध्ये ६.५ ला क्लीनअपचं हेडर आलं, पीटर झायल्स्ट्रा यांचं. व्हेरिएबल स्कोपच्या बाहेर गेलं की आपोआप फ्री, लॉकसाठी गार्ड. मला आवडतं. पण एकाच फंक्शनमध्ये गोटू आणि हे दोन्ही नको, तसं तिथंच लिहिलंय. आणि नेटवर्कवाले मेंटेनर (त्या भागाचा कोड सांभाळणारे) असल्या आपोआप गोष्टींबद्दल साशंक आहेत, डेव्ह-एमबद्दलसुद्धा, आणि तसं त्यांनी लिहून ठेवलंय. ज्या सबसिस्टिममध्ये जाशील तिथली रीत आधी बघ, पेठ बदलली की बोलणं बदलतं तसंच आहे हे.

असले बग शोधायचे कसे? आमच्याकडं तर कधीच क्रॅश होत नाही.

क्रॅशची वाट बघायची नाही, पाडायचा. कर्नल बिल्ड करताना केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) चालू कर. २०१५ ला ४.० मध्ये आलं, मेमरीचा साधारण आठवा हिस्सा स्वतःला घेतं आणि मशीन मंद करतं, पण गेलेल्या मेमरीला हात लागला की तिथंच पकडतं. त्याचा रिपोर्ट बघून पोरं घाबरतात, पानभर आकडे असतात, पण त्यात वाचायचे तीनच ढीग: आत्ता कुणी हात लावला, ही मेमरी कुणी घेतली होती, आणि कुणी सोडली. माझ्या लॉगरच्या वेळी पहिल्या ढिगात टायमर, दुसऱ्यात प्रोब, तिसऱ्यात डिस्कनेक्ट. संपलं. आधीच चालवलं असतं तर फौंड्रीच्या चकरा वाचल्या असत्या. केसॅन नसेल पण स्लॅब डीबग चालू असेल तर रजिस्टरमध्ये ६बी६बी६बी६बी असलं काही दिसतंय का बघ, ते फ्री केलेल्या मेमरीवर मारलेलं रंगकाम आहे.

मग रिमूव्हची चाचणी. सिस-एफएसमध्ये (कर्नल डिव्हाइस आणि ड्रायव्हर फाइलींसारखे दाखवतो ती जागा) ड्रायव्हरच्या फोल्डरात बाइंड आणि अनबाइंड अशा दोन फाइली असतात, डिव्हाइसचं नाव त्यात लिहून शेल स्क्रिप्टनं पाचशे वेळा सोड आणि जोड, सोबत दुसरीकडं एक प्रोग्रॅम फाइल उघडून रीड करत ठेव. कर्नलमध्येच एक पर्याय आहे जो प्रत्येक ड्रायव्हरला प्रोब, रिमूव्ह, पुन्हा प्रोब असं करायला लावतो, पहिल्यांदा चालू केलास तर मशीन बूटही होणार नाही कदाचित, हसू नको. कोबजेक्ट रिलीज उशिरा करणारा दुसरा पर्याय आहे, तो शेवटचा रेफरन्स सुटल्यावर मुद्दाम वेळ लावतो म्हणजे "पुट केलं की लगेच गेलंच" असं धरून चाललेला कोड उघडा पडतो. शेअर्ड इंटरप्ट असेल तर त्याचाही डीबग पर्याय आहे, इंटरप्ट सोडताना मुद्दाम एक खोटा इंटरप्ट पाठवून बघतो.

एररच्या रस्त्यासाठी फेलस्लॅब, म्हणजे मेमरी मागितली की मधनंच "नाही" म्हणायचं. आणि लीकसाठी केमेमलीक, दर १० मिनिटांनी स्वतः स्कॅन करतं, घाई असेल तर त्याच्या फाइलीत स्कॅन असं लिहायचं. ते कधीकधी खोटं बोलतं, म्हणून एकदा आलेल्या नावावर नाचू नको, पाचशे फेऱ्यांनंतर पाचशे वेळा तेच आलं तर मात्र पक्कं.

रिमूव्हमधनं एरर परत दिली तर डिव्हाइस तसंच राहील ना?

नाही. तुझं ऐकणार कोण, केबल तर निघालीय. प्लॅटफॉर्म ड्रायव्हरचा रिमूव्ह आधी इंटिजर परत द्यायचा म्हणून लोकांना वाटायचं की एरर दिली की थांबेल आणि ते मधनंच रिटर्न मारायचे, खालचं सगळं लीक. म्हणून तर उवे क्लाइने-क्योनिग यांनी शेकडो ड्रायव्हर बदलून तो व्हॉइड करायचं काम तडीस नेलं.

पॅच पाठवायचा म्हटलं की भीती वाटते, इंग्रजी कच्चं आहे.

साहित्य संमेलनाला पाठवत नाहीयेस. तीन गोष्टी साध्या वाक्यात लिही: आत्ता काय होतं, का होतं, तू काय केलंस. केसॅनचा रिपोर्ट असेल तर त्यातला कामाचा भाग जोड. कुठल्या कमिटनं बग आणला ते शोधून फिक्सेसची ओळ, हॅशची पहिली १२ अक्षरं. जुन्या कर्नलनाही हवा असेल तर स्टेबलला सीसी. मेल साधा टेक्स्ट, अटॅचमेंट नाही, गिट सेंड-ईमेलनंच पाठव, ब्राउझरमधनं पाठवलास तर टॅबची वाट लागते. कुणाला पाठवायचं ते गेट_मेंटेनर स्क्रिप्ट सांगते, आधी चेकपॅच (पॅचची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट) चालव. आणि मग किमान आठवडाभर गप्प बस. दुसऱ्या दिवशी "सर कृपया बघा" नको. माझ्या पहिल्या पॅचला उत्तर आलं ते एका ओळीचं होतं, "आणि प्रोब फेल झाला तर?", मला राग आला, मग बघितलं तर खरंच तो रस्ता मी विसरलो होतो.

आणि चाचणी केलीस तर केली म्हण, नाही केलीस तर फक्त कंपाइल केलंय असं स्पष्ट लिही. हार्डवेअर नाही म्हणून कुणी हाकलत नाही, खोटं बोललास तर हाकलतात.

सीव्हीई नंबर मिळतो का यात?

फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलवाले स्वतःच सीव्हीई नंबर (सुरक्षेच्या दोषाला मिळणारा जाहीर क्रमांक) देतात, त्यामुळं साध्या दिसणाऱ्या क्लीनअप दुरुस्त्यांनाही नंबर लागलेत. बायोडेटात टाकायला मिळेल, पण त्यासाठी करू नको.

रस्टमध्ये लिहिलं की हे सगळं संपलं?

बरंच कमी होतं. ६.१ पासून रस्ट कर्नलमध्ये आहे, आणि मालक गेला की वस्तू सुटते हे तिथं भाषाच बघते. पण केबल उपटली तेव्हा हार्डवेअर खरंच गेलेलं असतं, ते भाषेला थोडंच कळतं, तिथं डिव्हाइस गेल्यावर प्रवेश बंद करायची वेगळी सोय लागते आणि ती तिथंही विचार करूनच वापरायला लागते. शिवाय सध्या तुझ्यासमोर आहेत ते ड्रायव्हर सीमध्येच आहेत.

लॅपटॉप जुना आहे, बोर्ड नाही. सुरुवात कशी करू?

क्यूईएमयू (सॉफ्टवेअरमधलं नकली मशीन) पुरतं. छोटा कन्फिग घेऊन केसॅनसकट कर्नल बिल्ड कर, रात्री लावून झोपलास तर सकाळी झालेलं असेल. सोर्समध्ये यूएसबी स्केलेटन नावाचा नमुना ड्रायव्हर आहे, त्याचं डिस्कनेक्ट आणि डिलीट फंक्शन आधी कागदावर उतरव: कोण कुणाचा रेफरन्स धरतं, खूण कुठं करतात, म्युटेक्स कुठं घेतात. मग त्यातलं एक-एक मुद्दाम काढ आणि केसॅन काय बोलतं ते बघ. मी तर पोरांना पहिल्या शनिवारी कोडच लिहू देत नाही, माझा तो जुना मोडका डिस्कनेक्ट हातात देतो आणि म्हणतो, यातला तो एक सेकंद शोधा. आत्तापर्यंत सगळ्यात लवकर शोधला त्या पोरीनं चाळीस मिनिटांत.